सार्वजनिक स्वागतकक्षाची पुनर्रचना

धाराशिव जिल्ह्यातील ढोकी हे गाव तेरणा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. १९११ साली बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली आणि ढोकी त्या अडीच फुटी मार्गावर आले. २००७ साली लातूर-उस्मानाबाद टप्पा ब्रॉडगेज झाला. संत गोरोबाकाकांचे तेर येथून जवळच. साहजिकच येथील स्थानकावर व कार्यालयांत ऊस उत्पादक, बाजारकरी, वृद्ध भाविक अशा नाना लोकांची ये-जा असते. १९९३ च्या किल्लारी भूकंपात जायबंदी झालेलेही याच परिसरात आता उतारवयाकडे झुकले आहेत. अशा गावातील सार्वजनिक स्वागतकक्ष कसा असावा, याचा विचार आम्ही येथे करीत आहोत.

निराधार योजनेचा अर्ज घेऊन आलेली वृद्ध माता तीन पायऱ्या चढू शकत नाही, म्हणून बाहेर ओट्यावर बसते. मुलगा कागद घेऊन आत जातो. तिचे काम होतेही, परंतु तिला स्वतःला कोणी काही विचारीत नाही. आमच्या मते खरी हानी ही आहे.

उतरंड, म्हणजेच रॅम्प, बांधताना सर्वाधिक चूक होते. उंचीच्या किमान बारा पट लांबी हवी. दोन फुटी जोत्यास चोवीस फूट. जागा वाचविण्यासाठी सहा फुटांत उरकलेला रॅम्प मोटारसायकल चढविण्याच्या कामी येतो, चाकाच्या खुर्चीच्या नव्हे! रुंदी किमान १२० सेंटिमीटर, दोन्ही बाजूंस कठडा आणि फरशी खरबरीत असावी. पावसाळ्यात गुळगुळीत टाइल्स धडधाकट माणसालाही पाडतात.

आतील टेबलाचा एक भाग ७५ ते ८० सेंटिमीटर उंचीचा व खालून मोकळा ठेवावा, म्हणजे खुर्चीवर बसलेल्या व्यक्तीचे गुडघे आत जातात व समोरच्या कर्मचाऱ्याशी नजरानजर होते. काचेतील लहानशा भोकातून बोलणे कमी ऐकू येणाऱ्यांस जाचक ठरते. कर्मचाऱ्याच्या तोंडावर उजेड असावा. ओठांच्या हालचालींवरून पुष्कळांना समजते. केवळ नाव पुकारण्याऐवजी क्रमांक फलकावरही दाखवावा. बाकांना पाठ व हात असले की गुडघेदुखीच्या रुग्णास आधार घेऊन उठता येते. पिण्याचे पाणी व प्रसाधनगृह यांचा मार्गही पायरीविना हवा.

याबाबत कायदा स्पष्ट आहे. १९९५ च्या कायद्याची जागा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने घेतली. जुन्या सार्वजनिक इमारती नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करावयाच्या होत्या. नियम २०१७ साली प्रसिद्ध झाले, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच सरली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सुगमतेचे निकष केवळ शिफारशीवजा असून चालणार नाहीत, ते बंधनकारक असावेत, असा निर्णय दिला.

मोठा निधी मिळेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. ठळक अक्षरांचा मराठी फलक, दाराशी एक खुर्ची आणि बाहेर येऊन चौकशी करणारा कर्मचारी एवढे तर उद्याही होऊ शकते. आराखडा पक्का करण्यापूर्वी गावातील एखाद्या दिव्यांग व्यक्तीस प्रत्यक्ष फाटकापासून टेबलापर्यंत येण्याची विनंती करावी. गुरे शिरू नयेत म्हणून रॅम्पपुढील फाटकास कुलूप लावलेले असते आणि किल्ली आत असते, हे तेव्हाच ध्यानात येते.