जाणणे आणि पत्करणे : स्मिथ विरुद्ध बेकर, १८९१

इंग्लंडात रेल्वेमार्गासाठी खडक खोदण्याचे काम चालू होते. स्मिथ नावाचा मजूर भोके पाडण्यासाठी पहार धरून ठेवी व इतर दोघे तिच्यावर घण घालीत. जवळच्या यारीने उचललेले दगड अधूनमधून, कोणतीही सूचना न देता, या मजुरांच्या डोक्यांवरून नेले जात. एकदा वरून दगड निसटला आणि स्मिथ जखमी झाला.

मालकाचा बचाव असा की, धोका ठाऊक असूनही हा मजूर कामावर राहिला. स्मिथनेही धोक्याची जाणीव असल्याचे नाकारले नव्हते. बचावाचा आधार होता 'व्होलेंटी नॉन फिट इंज्युरिया' हे लॅटिन वचन. जो स्वेच्छेने पत्करतो त्याच्यावर अन्याय होत नाही, असा त्याचा आशय. येथे शब्दाचे रूप पाहण्यासारखे आहे. 'व्होलेंटी' हे इच्छार्थक धातूचे चतुर्थ्यंत कृदन्त होय. 'जाणणाऱ्याला' असा अर्थ अभिप्रेत असता तर 'सायंटी' हे रूप आले असते. न्यायमूर्ती बोवेन यांनी १८८७ मध्येच हा भेद दाखविला होता. (त्या खटल्यात मात्र, मद्यनिर्मितीच्या कारखान्यात कढत द्रवाच्या हौदात पडलेल्या मजुराच्या विरुद्धच त्यांनी निर्णय दिला, हेही नमूद केले पाहिजे.)

स्मिथला ज्यूरीने १०० पौंड भरपाई दिली होती. अपील न्यायालयाने ती नाकारली. १८९१ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने बहुमताने ती पुन्हा मान्य केली. मजुराला धोका दिसत होता एवढ्यावरून मालकाच्या निष्काळजीपणाला त्याने संमती दिली असे ठरत नाही, हा त्या निर्णयाचा गाभा. लॉर्ड ब्रॅमवेल यांचे मत भिन्न होते; मजुरी घेऊन मनुष्य काम पत्करतो तेव्हा त्यातील जोखीमही त्या सौद्यातच येते, अशी त्यांची विचारसरणी होती. सौदा करणारे दोघे तुल्यबळ असतात हे तिचे गृहीतच डळमळीत होते. घरी चूल पेटण्यासाठी पहार हाती धरणाऱ्याच्या मौनाला होकार म्हणणे कठीणच.

हिंदुस्थानात १९३८ च्या मालक-दायित्व कायद्याने सिद्धीचा भार स्पष्टपणे मालकावर टाकला. जोखीम कामगाराला पूर्णपणे समजावून सांगितली होती, त्याला ती समजली होती आणि त्याने ती स्वेच्छेने पत्करली होती, ही तिन्ही विधाने मालकाने सिद्ध करावयाची होती. 'जाणणे' आणि 'पत्करणे' यांच्या जोडीला 'समजावणे' हे तिसरे क्रियापद त्यामुळे कायद्यात आले. ते कोणत्या भाषेत करावयाचे, याचा उल्लेख त्या कलमात नव्हता.