जमशेदखानाचा तलाव

मराठवाड्याच्या ज्या पठारावर वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांतील मोजक्या दिवसांत आपले काम उरकून निघून जातो, तेथे एखाद्या नगराची श्रीमंती त्याच्या पेढ्यांवरून जोखण्यापेक्षा त्याच्या तलावांवरून जोखणे मला अधिक न्याय्य वाटते. ‘जालना सोन्याचा पालना’ ही म्हण व्यापाऱ्यांच्या तोंडी रुळली, आणि तिचा अर्थ लोक बाजारपेठेच्या भरभराटीवरून लावतात. परंतु हे गाव ऐश्वर्याच्या शिखरावर असताना त्याच्याभोवती पाच तलाव होते अशी नोंद जुन्या गॅझेटियरांत आहे, आणि त्या पाण्यावाचून त्या पेठा किती दिवस नांदल्या असत्या हा प्रश्न त्या म्हणीला कोणी विचारलेला दिसत नाही.

या पाचांतला मोठा आणि आजही नांदता असलेला तो मोती तलाव. जुन्या गावाच्या पश्चिमेस अर्ध्या मैलावर असलेल्या या तलावाचे कर्तृत्व गॅझेटियर जमशेदखानाकडे देते. अहमदनगरच्या निजामशाहीत तो जालन्याचा कारभार पाहत होता. काळ्या दगडाची मशीद आणि तिच्या शेजारची सराई हीही त्याचीच कामे. परंतु त्याच्या बुद्धीची खरी साक्ष जमिनीखाली होती. तलावाचे पाणी भूमिगत नळांतून गावात आणून त्याने जागोजाग हौद भरविले, आणि त्यांतला सर्वांत मोठा हौद सराईच्या चौकात ठेवला, जेणेकरून दूरच्या मुलुखातून तांड्यांसह आलेल्या सौदागराला आधी पाणी आणि मग बाजार दिसावा. जकातीचा वसूल कशाने वाढतो हे ज्या अंमलदाराला कळले, त्याला राज्यकारभारातले निम्मे कळले असे म्हणावयास हरकत नाही.

निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याच्या खडकीची, म्हणजे पुढच्या औरंगाबादेची, नहर विख्यात आहे, आणि जालन्याचे नळ तिच्या छायेत झाकले गेले. पण दोन्ही योजनांत एक मोठा भेद आहे. नहरीने डोंगरपायथ्याच्या जमिनीत मुरलेले पाणी बोगद्याने गोळा केले. तिला फुटण्याची भीती नाही, फार तर ती बुजेल. तलावाचे तसे नसते. तलाव म्हणजे वाहत्या पाण्याला मातीच्या पाळीने आडवे जाणे, आणि ज्याला आडवे गेलो त्याच्यावर अहोरात्र नजर ठेवणे आले.

मातीची पाळ वरून पाणी वाहू लागले की काही तासांत वाहून जाते, म्हणून तिच्या एका बाजूस सांडवा ठेवतात. तो गाळाने, झुडपांनी अथवा कोणाच्या अतिक्रमणाने अरुंद झाला, की पाळीचे मरण पुढच्या मोठ्या पावसाच्या हवाली होते. दुसरे मरण अधिक चोरट्या पावलांनी येते. घुशींची आणि खेकड्यांची बिळे, पाळीवर उगवलेल्या बाभळीच्या वा पिंपळाच्या वाळून कुजलेल्या मुळांनी मागे ठेवलेल्या पोकळ्या, यांतून पाणी वाट काढते. पायथ्याशी पाझर दिसणे हे एरवी भयाचे कारण नव्हे, कारण प्रत्येक मातीची पाळ थोडीफार पाझरते. परंतु तो पाझर गढूळ होऊन येऊ लागला म्हणजे पाळीची मातीच पाण्याबरोबर निघाली असे समजावे. हे जाणण्यास अभियंत्याची पदवी लागत नाही. रोज तेथून जाणारा आणि काल पाणी कसे होते हे ध्यानात असलेला एक माणूस पुरतो.

असा माणूस पूर्वी आपोआप मिळत असे. ज्या हौदाला मोती तलावाचे पाणी येई त्या हौदावर अवलंबून असलेल्या वस्तीला पाळीची खबर ठेवावीच लागत असणार. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धतीने हीच गोष्ट नियमांत बसविली: बंधाऱ्याचे पाणी जे घेतील त्यांनीच बंधारा व पाट दुरुस्त ठेवावेत, आणि त्यासाठी पाटकरी व जागल्या नेमून त्यांचा मेहनताना पिकांतून द्यावा. तहान हीच तेथे तपासनीस होती, आणि तिला रजा नसे.

जालन्यात गावच बदलत गेले, आणि ही तहान हळूहळू दुसरीकडे वळली. १८०३ साली दुसऱ्या मराठा युद्धात हे ठाणे इंग्रजांच्या हाती पडले, १८२७ साली येथे छावणी वसली, आणि हैदराबाद कंटिंजंट या निजामाच्या संस्थानातील फौजेच्या तुकड्या १९०३ पर्यंत येथे तैनात होत्या. या काळात जालन्याच्या बागा फळांसाठी नावाजल्या आणि त्यांचा माल बाहेरगावी जाऊ लागला. १९०१ च्या खानेसुमारीत जालन्याची वस्ती २०,२७० भरली आणि कुंडलिकेच्या पलीकडील कादिराबादेची, म्हणजे आजच्या नव्या जालन्याची, ११,१५९. नदीच्या दोन काठांवरील ही दोन गावे वेगवेगळी मोजली जात. पुढे हैदराबादच्या निजामांच्या राजवटीत घाणेवाडीचा मोठा तलाव झाला, ज्याला आज संत गाडगेबाबा जलाशय म्हणतात आणि ज्याचे पाणी उताराच्या बळावर नव्या जालन्यात येते. अलीकडे पैठणच्या जायकवाडीचे पाणी आले. मोती तलाव असा एकेक भार खाली ठेवीत अखेरीस शोभेचा तलाव झाला. त्याच्या काठी मोतीबाग झाली, सकाळ-संध्याकाळ फिरावयास येणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली, आणि गणेशोत्सवाच्या अखेरीस सारे गाव मूर्ती घेऊन तेथे लोटू लागले.

यात वाईट काही नाही. शहराला श्वास घेण्याची जागा लागतेच. पण जो तलाव प्यावयाचा राहिला नाही त्याच्या पाळीकडे कोणी धन्याच्या नजरेने पाहत नाही. बाकावर बसलेला मनुष्य पाण्याकडे पाहतो, आणि पाळीची पाठ, जेथे धोक्याची पहिली खूण उमटते, ती नेमकी त्याच्या मागे असते.

लहान तलाव फुटून काय होते, हे हैदराबाद संस्थानाने भयंकर किंमत देऊन शिकून घेतले होते. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला आलेल्या महापुराने राजधानीतील हजारो माणसे गिळली. पुढे संस्थानाने विश्वेश्वरय्यांना पाचारण केले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या नोकरीत खडकवासल्याचे स्वयंचलित दरवाजे बसवून नाव कमावलेल्या या अभियंत्याने पाहणी केली, तेव्हा पुराच्या जोडीला नदीच्या वरच्या अंगास असलेल्या शेकडो लहान तलावांपैकी दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटल्याचे निष्पन्न झाले. आकाशातून पडलेल्या पावसात माणसांनी साठविलेल्या पाण्याची अशी भर पडली होती. त्या शिकवणीतून उस्मानसागर आणि हिमायतसागर ही दोन धरणे उभी राहिली, पूर अडविण्यासाठी आणि पाणी पुरविण्यासाठी. तीही कालांतराने हैदराबादकरांची सहलीची ठिकाणे झालीच.

आपल्याकडील ताजे उदाहरण चिपळूण तालुक्यातील तिवऱ्याचे. २ जुलै २०१९ च्या रात्री ते लहानसे धरण फुटले आणि खालची भेंदवाडी झोपेतच वाहून गेली; वीसच्या आसपास माणसे दगावली. नंतर ठपका खेकड्यांवर ठेवण्यात आला आणि महाराष्ट्रभर त्याची टिंगल झाली. खेकडे बिळे करतात हे खरेच आहे, ते मृगाच्या पावसाइतके नेमाने करतात. म्हणून तर ती बुजविण्यास माणूस नेमावयाचा असतो. टिंगल खेकड्यांची झाली, आणि माणसाची नेमणूक कोणाकडे होती हा प्रश्न हशात बुडाला.

२०२१ साली देशात धरण सुरक्षा अधिनियम आला. तो पंधरा मीटरहून उंच धरणांना लागू होतो, आणि दहा ते पंधरा मीटरमधील धरणे लांबी, साठा वगैरे अटींत बसत असतील तरच त्याच्या कक्षेत येतात. गावोगावच्या ठेंगण्या पाळी त्यामुळे नगरपालिका, जिल्हा परिषद अथवा निव्वळ परमेश्वर यांच्या अखत्यारीत राहिल्या. पाळ ठेंगणी असली तरी तिच्या पायथ्याशी घर बांधणाऱ्याला हा भेद उपयोगाचा नाही.

तरीही फिरावयास येणाऱ्याला पाळ फुटण्यापेक्षा अधिक जवळचा धोका पाण्यातच असतो, आणि त्याची चर्चा विसर्जनाच्या दिवसांपलीकडे टिकत नाही. शतकांचा गाळ साठलेल्या तलावाचा तळ समतल नसतो. काठापासून चार पावलांवर गुडघाभर पाणी आणि पाचव्या पावलावर डोके बुडेल असा खड्डा, त्यात पाय रुतेल असा चिखल, असा तो प्रकार असतो. शिवाय गाळ आणि मुरूम काढण्याच्या कामातून नवे खड्डे पडतात, आणि पावसाळ्यात ते पाण्याखाली गेले म्हणजे कालपर्यंत तळ ठाऊक असलेल्यालाही तो ठाऊक नसतो. विहिरीत पोहणे शिकलेला तरुण येथे फसतो, कारण विहिरीचा काठ दगडी असतो आणि येथे हाताला धरावयास काही लागत नाही. अशा पाण्याकाठी नौकाविहाराची कल्पनाही निघाल्यावाचून राहत नाही. तिला माझा विरोध नाही, मात्र आधी खोली मोजून खुंट रोवावेत आणि मग नावा आणाव्यात.

२०१२-१३ च्या दुष्काळात घाणेवाडीचा तलाव आटला, तेव्हा जालनेकरांनी सरकारची वाट न पाहता वर्गणी काढून त्याचा गाळ काढला, आणि तो सुपीक गाळ शेतकऱ्यांनी आपल्या रानात नेला. तहानेने अजूनही माणूस हलतो, हे त्यातून दिसले. मोती तलावाला ती तहान परत आणून देता येणार नाही, आणि ती आणावी असेही कोणी म्हणणार नाही. त्याऐवजी दफ्तरात एक साधी वही असावी. मृग निघण्यापूर्वी सांडवा मोकळा केला किंवा नाही, पाळीवरची झुडपे लहान असतानाच उपटली किंवा नाही, पाझर कोठे व कोणत्या रंगाचा आहे, विसर्जनाच्या जागेचा तळ यंदा कोणी उतरून तपासला, हे तीत तारखेसह लिहावे आणि खाली लिहिणाऱ्याची सही असावी. जमशेदखानाच्या कारकुनांना हे अवघड वाटले नसते.