वंशरचना, अवकाश-रणनीती खेळांतील

अवकाशात साम्राज्य उभारण्याच्या संगणकीय खेळांत आपल्या प्रजेचे गुणदोष खेळणाऱ्याने स्वतः ठरविण्याची पद्धत. तिचे ठळक उदाहरण म्हणजे सिमटेक्सने घडविलेला व मायक्रोप्रोजने १९९६ मध्ये प्रकाशित केलेला ‘मास्टर ऑफ ओरायन २’. त्यात १३ तयार वंश आहेत. ते नको असल्यास १० गुणांच्या भांडवलावर नवा वंश घडविता येतो. उणिवा पत्करल्या की जादा गुण मिळतात, मात्र ही उधारी १० गुणांपर्यंतच. इतरांना किळस आणणारा वंश घेतला तर ६ गुण मिळतात, पण तह-करारांची दारे जवळपास बंद होतात. सर्जनशीलतेला ८ गुण पडतात. इतरांना संशोधनाच्या बहुतेक टप्प्यांवर एकच तंत्र मिळते, तिथे सर्जनशील वंशाला सगळीच मिळतात. एवढ्या लाभाला ही किंमत कमीच. खनिजभक्षी प्रजेला (१० गुण) शेतीच लागत नाही.

दीर्घिकेचा आकार, प्रतिस्पर्ध्यांची संख्या, काठिण्यपातळी, आरंभीची तंत्रप्रगती व अंतारन या शत्रूवंशाचे हल्ले हेही डावाआधीच ठरते. दीर्घिका खनिजसमृद्ध निवडल्यास सुपीक ग्रह कमी मिळतात. खनिजभक्षींना अन्नाच्या बाबतीत त्याची झळ बसत नाही.