मंजिष्ठेची चुलत बहीण आणि एका मास्तरांचे लाल हात

मंजिष्ठा हे नाव तुम्ही फेसपॅकच्या पाकिटावर वाचलं असेल. तिची युरोपातली चुलत बहीण म्हणजे मॅडर. दोघींची मुळं लाल, आणि दोघींनी शेकडो वर्षं कपडे रंगवले. आजची गोष्ट मॅडरच्या मुळातल्या एका रेणूची आहे, आणि तो ओळखला गेल्यावर कुणाचं काय झालं याची.

१९व्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये आविन्यों शहराभोवती मॅडरची शेती जोरात होती. फ्रेंच सैनिकांच्या लाल विजारी याच मुळाने रंगायच्या. १८२६ मध्ये रोबिके आणि कोलँ या रसायनतज्ज्ञांनी मुळाचा अर्क तापवला, तेव्हा वाफेतून नारिंगी-लाल सुया जमल्या. हे अलिझारिन. लेव्हांटच्या बाजारात या मुळाला 'अलिझारी' म्हणायचे, त्यावरून हे नाव पडलं.

गंमत म्हणजे ताज्या मुळात अलिझारिन सुटं फारसं नसतंच. ते साखरेला जोडलेलं असतं. मुळं साठवली, कुटली, भिजवली की मुळातलंच एन्झाइम ही जोडी तोडतं आणि रंग मोकळा होतो. रंगारी हे अनुभवाने करत होते, कारण नंतर कळलं. या रेणूला ऑक्सिजन-हायड्रोजनच्या दोन जोड्या आहेत, म्हणून तो फिनॉलिक. कापड तुरटीत भिजवलं की तिच्यातलं ॲल्युमिनियम रेणूला धरून ठेवतं आणि लाल रंग पक्का बसतो. तुरटीऐवजी लोखंडाचा क्षार घेतला तर तोच रेणू जांभळा रंग देतो!

पण पदार्थ वेगळा काढणं एक, आणि तो नक्की काय आहे हे कळणं दुसरं. तब्बल ४० वर्षं लोक चुकीच्या सूत्रावर अडकले होते. अलिझारिन नॅप्थलीनपासून बनलंय, असा समज होता. १८६८ मध्ये बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान या तिशीच्या आतल्या दोघांनी अलिझारिन जस्ताच्या पुडीबरोबर तापवलं. ऑक्सिजन निघून गेला आणि मागे उरलं अँथ्रासीन. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणू: वरचे थर काढत जा, पाया दिसेल. आणि हा पाया दगडी कोळशाच्या डांबरात भरपूर मिळत होता!

मग उलटा प्रवास सुरू झाला, डांबरापासून रंगाकडे. कारखान्यात परवडेल अशा पद्धतीचा पेटंट अर्ज या दोघांनी कारो यांच्यासह २५ जून १८६९ ला लंडनमध्ये केला. इंग्लंडच्या विल्यम पर्किनचा अर्ज २६ जूनचा. एका दिवसाचा फरक! पुढच्या काही वर्षांतच कारखान्यातला रंग इतका स्वस्त झाला की मॅडरची शेती कोसळली.

याच आविन्योंमध्ये झाँ-आँरी फाब्र नावाचे एक शाळामास्तर होते. पगार तुटपुंजा, घरात मुलं, आणि जीव सगळा किड्यांत. स्वतःचा पैसा नसेल तर विद्यापीठात प्राध्यापक होणं विसरा, असं त्यांना स्पष्ट सांगण्यात आलं होतं. म्हणून त्यांनी मॅडरच्या मुळातून शुद्ध रंग काढायची पद्धत शोधायला घेतली. वर्षानुवर्षं प्रयोग केले. एकदा शिक्षणमंत्री द्यूर्वी अचानक प्रयोगशाळेत आले, तेव्हा मास्तरांचे दोन्ही हात रंगाने लाल झाले होते. पद्धत जमली. आता मॅडर आपल्याला तारणार असं वाटत असतानाच बर्लिनचं संशोधन बाजारात आलं आणि हातातोंडाशी आलेला घास गेला.

मला या गोष्टीत ग्रेबे-लीबरमानपेक्षा फाब्रच जास्त लक्षात राहतात. त्यांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं. ते मुळातून रेणू उत्तम काढत होते, पण आता मुळाचीच गरज उरली नव्हती.

आणि मंजिष्ठा? तिच्यात मुख्य रंग पर्प्युरिन आणि मंजिस्टिन. ब्रिटिश रसायनतज्ज्ञ स्टेनहाउस यांनी मंजिस्टिन वेगळं काढलं, आणि नाव दिलं ते आपल्याच मंजिष्ठेवरून.

फाब्रनी पुढे पोट भरायला मुलांसाठी विज्ञानाची पुस्तकं लिहिली. १८७९ मध्ये सेरिन्याँ गावात एक ओसाड जमीन घेतली आणि तिथल्या गांधीलमाश्या बघत बसले. किड्यांवरच्या त्यांच्या ग्रंथाचे १० खंड झाले, आणि मॅडरची ही फसलेली कहाणीही त्यांनी त्यातच सांगून ठेवली आहे.