थीम बदलली आणि मराठी गेली

परवा आमच्या ॲप्लिकेशनची नवी थीम चढवली. इंग्रजी पानं झकास दिसत होती. मराठी पान उघडलं आणि डोक्याला हात लावला. शीर्षकांतली अक्षरं फाकवल्यामुळे शिरोरेषा तुटली होती, बटणांची उंची कमी केल्यामुळे वेलांट्या आणि रफार छाटले गेले होते. चूक माझीच. स्टाईलशीट मीच तपासली होती, फक्त इंग्रजीत!

शनिवारी ते निस्तरताना वाटलं, हे दुखणं तसं जुनंच आहे.

हाकोन विउम ली याने सर्नमध्ये असताना ऑक्टोबर १९९४ मध्ये सीएसएसची कल्पना मांडली. पुढे बर्ट बॉस त्याला येऊन मिळाला आणि डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती डब्ल्यू३सीने अधिकृत केली. तत्त्व साधं: मजकूर वेगळा, त्याचं रूप वेगळं. मधल्या काळात, १९९५ मध्ये, जीएनयू गेटटेक्स्ट आलं. प्रोग्रॅममधली वाक्यं कोडबाहेर काढून भाषांतराच्या फायलींत ठेवायची सोय त्याने केली. म्हणजे रूपही सुटं, भाषाही सुटी.

आपल्याकडे मात्र उलटाच प्रकार. तेव्हाच्या बहुतेक मराठी साइट्सवर खरं तर मराठी नव्हतीच! होती ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी, आणि तिच्यावर देवनागरी आकारांचा फॉन्ट चढवलेला. एका फॉन्टमध्ये ज्या जागी 'क', त्याच जागी दुसऱ्यात भलतंच काही. एक्सप्लोररसाठी डायनॅमिक फॉन्ट एका प्रकारचा, नेटस्केपसाठी दुसऱ्या. फॉन्ट उतरला नाही की पान वाचणं अशक्य. कपडे काढले तर आत माणूसच नाही, अशी गत. शोधायची सोय नाही, कॉपी करून दुसरीकडे चिकटवायची तर नाहीच नाही.

यूनिकोडच्या १९९१च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आपल्या इस्कीच्या धर्तीवर. पण जोडाक्षरं जुळवणारी यंत्रणाही लागते. विंडोज २००० मध्ये ती मंगल फॉन्टसकट आली, आणि एक्सपीतसुद्धा बऱ्याचदा कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन चालू करावी लागे. ती घरोघरी पोचली तेव्हा कुठे सीएसएसचं ते तत्त्व आपल्या वाट्याला आलं. आता फॉन्ट बदलला तरी 'क' हा 'क'च राहतो.

मग प्रश्न संपला का? नाही. 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं हिंदीपेक्षा वेगळी, पण यूनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक एकच. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये सांगितलं आणि फॉन्टमध्ये सोय असली, तरच आपली वळणं दिसतात. भाषांतराचंही तेच. 'अमुक उघडलं' असा एकच साचा इंग्रजीत खपून जातो. आपल्याकडे फाईल उघडली, फोल्डर उघडला, पान उघडलं. नाव रिकाम्या जागेत कोंबलं की व्याकरण बोंबललंच.

म्हणून मी आता तीन गोष्टी केल्यात. मराठीसाठी अक्षरांमधलं जादा अंतर शून्य, ओळींची उंची वाढवलेली, आणि प्रत्येक वस्तूसाठी पूर्ण वाक्य वेगळं. फायली थोड्या फुगल्या, फुगू देत.

रूप आणि मजकूर वेगळे ठेवायचे हे खरं, पण रूप ठरवणाऱ्याने मजकूर एकदा तरी वाचायला हवा ना! असो. सोमवारी नवी थीम पुन्हा चढवायची आहे. या वेळी आधी मराठी पान उघडणार.