शाळा तिथे बिऱ्हाड

९ नोव्हेंबर २००० रोजी उत्तर प्रदेशाचा डोंगराळ भाग वेगळा झाला आणि नवं राज्य उभं राहिलं. वाटणी झाली तेव्हा बोलणी झाली ती धरणांची, जंगलांची, कर्मचाऱ्यांची. देहरादून त्या राज्याकडे गेलं, आणि त्याबरोबर लखनौकरांच्या अंध मुलांची सर्वांत नावाजलेली शाळाही परराज्यात गेली. ती शाळा चालवणारी राजपूर रस्त्यावरची राष्ट्रीय संस्था केंद्र सरकारची होती, त्यामुळे तिची दारं कुणाला बंद झाली नाहीत. पण उत्तर प्रदेश सरकारला आपल्या मुलांसाठी ‘आहे की देहरादून’ असं म्हणण्याची सोय मात्र उरली नाही.

ही सोय फार जुनी होती. १८८७ मध्ये ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली. भारतातली अशी पहिली शाळा म्हणून तिची नोंद होते. १९०३ मध्ये ती देहरादूनजवळ राजपूरला हलली, म्हणजे तेव्हाच्या संयुक्त प्रांतात आली. दुसऱ्या महायुद्धात डोळे गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ मध्ये देहरादूनलाच सेंट डन्स्टन्स वसतिगृह उघडलं. त्याच्यामागे होते सर क्लुथा मॅकेन्झी, स्वतः गॅलिपोलीच्या लढाईत अंध झालेले न्यूझीलंडर. १९५० मध्ये तिथे प्रौढ अंधांचं प्रशिक्षण केंद्र आलं, पाठोपाठ ब्रेल छापखाना, आणि १९५९ मध्ये मुलांसाठी आदर्श विद्यालय. एका थंड हवेच्या गावात एकामागून एक संस्था जमत गेल्या, त्या कुणी नकाशा समोर ठेवून ठरवलं म्हणून नव्हे, तर आधीची तिथे होती म्हणून.

त्याहून मागे गेलं तर शाळाच नाही, आसरा आहे. वाराणसीत राजा कालीशंकर घोषाल यांनी १८२६ मध्ये अंधांसाठी आश्रम स्थापन केला होता. पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर, एवढंच त्या काळच्या दानधर्माला सुचत होतं. बुद्धीने मागे असलेल्या मुलाची गत आणखी वाईट. १९१२चा वेड्यांबद्दलचा कायदा त्याला रुग्णांच्याच दावणीला बांधत होता, आणि आग्रा, बरेली, वाराणसी इथली इस्पितळं ही सरकारच्या लेखी त्याची जागा होती. अर्थात बहुतेक घरांनी असं मूल तिथे पाठवलं नाही. ते घरातच राहिलं, माजघरात, पाहुण्यांच्या नजरेआड.

अलीगढने १९२७ मध्ये वेगळी वाट धरली. विद्यापीठाचे माजी कुलगुरू साहिबजादा आफताब अहमद खान यांनी अहमदी स्कूल काढलं. ही अंध मुलांची शाळा मोठ्या विद्यापीठाच्या अंगणातच असल्यामुळे पुढचं शिक्षण नजरेच्या टप्प्यात आलं.

लखनौ मात्र दुसऱ्याच एका शिक्षणासाठी लोकांना बोलावत होतं. मराठी वाचकाला हे शहर नवाबांइतकंच भातखंड्यांमुळे ठाऊक आहे. १९२६ मध्ये तिथे मॅरिस कॉलेज सुरू झालं, पुढे रातंजनकरांनी ते वर्षानुवर्षं सांभाळलं आणि गाणं शिकायचं म्हणून मुलं-मुली तिथे जाऊन राहू लागली. विद्या जिथे, तिथे बिऱ्हाड, हा आपला जुना रिवाज आहे. फरक इतकाच की गाणं शिकायला निघालेल्याच्या घरी कौतुक होतं आणि मूकबधिर मुलाला घेऊन निघालेल्याच्या घरी कुजबुज.

मुंबई याबाबतीत सुदैवी. मूकबधिरांची देशातली पहिली शाळा १८८५च्या सुमारास बिशप मेउरिन यांच्या पुढाकाराने मुंबईतच सुरू झाली. १९००मध्ये ॲना मिलार्ड यांची अंधशाळा आली, १९०२मध्ये ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल. तिचे पहिले मुख्याध्यापक डॉ. नीलकंठराय छत्रपती हे स्वतः अंध होते. पुढचा अध्याय आईबापांनी लिहिला. १९४४मध्ये वकील दांपत्याने आपल्या मुलीपायी सुरू केलेली शाळा आज जय वकील या नावाने शिवडीला आहे. १९६४मध्ये सिंधुताई जोशींनी पुण्यात ‘कामायनी’ उभी केली. १९७२मध्ये मिठू अलूर यांनी मुलगी मालिनीसाठी स्पॅस्टिक्स सोसायटी काढली, आणि नाशिकला १९७७मध्ये रजनीताई लिमयांनी ‘प्रबोधिनी’. शाळा निवडायला गेलं तर निवडण्याजोगं काही नाही, मग शाळाच काढायची, अशी ही परंपरा. त्या शाळा उभ्या राहिल्या की इतर घरं त्यांच्या आसपास खोली शोधू लागली. शिवडी, गोखलेनगर, वांद्रे इथे बिऱ्हाड हलवण्यामागे कितीदा एखाद्या मुलाची शाळा होती, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

लखनौतही स्वयंसेवी काम झालं. लालबागेत स्टॅन्ले जोन्स या मेथॉडिस्ट मिशनऱ्याने १९५०मध्ये काढलेलं नूरमंजिल हे मानसोपचार केंद्र पुष्कळांच्या वाटेवरचा पहिला थांबा ठरलं. ‘चेतना’, ‘स्पार्क इंडिया’ यांसारख्या संस्थांनी पुढे शाळा चालवल्या. छावणीत लष्करी पत्नींच्या कल्याण संघटनेची ‘आशा’ शाळा आहे. पण या राज्यात मोठा हात सरकारचा, आणि सरकारी शाळांची नावं अपंगत्वाच्या प्रकारानुसार ठेवलेली: अंधांसाठी ‘स्पर्श’, कर्णबधिरांसाठी ‘संकेत’, मतिमंदांसाठी ‘ममता’, अस्थिव्यंग मुलांसाठी ‘प्रयास’. नावं ठेवणारा अधिकारी कुणीतरी हळवा असला पाहिजे. २००८मध्ये मायावती सरकारने त्यांच्यावर कळस चढवला. खास कायदा करून विद्यापीठ स्थापन झालं, तेच आजचं डॉ. शकुंतला मिश्रा राष्ट्रीय पुनर्वास विद्यापीठ. निम्म्या जागा अपंग विद्यार्थ्यांसाठी राखीव, इमारतींना उतार, विशेष शिक्षक घडवणारे अभ्यासक्रम. देहरादून गेल्यानंतर आठ वर्षांनी राज्याला स्वतःचं असं काही मिळालं.

ते मिळालं मोहान रस्त्यावर, शहराच्या नैर्ऋत्य टोकाला. जमीन मोकळी होती, हे त्यामागचं सरळ कारण. पण लखनौ वाढत होतं ते गोमतीनगर आणि इंदिरानगरकडे, नेमकं उलट्या बाजूला. २०१७मध्ये धावू लागलेली आणि २०१९मध्ये पूर्ण झालेली मेट्रोची मार्गिका विमानतळापासून चारबाग, हजरतगंज करत मुन्शीपुलियाला जाते. मोहान रस्ता तिच्या वाटेत येत नाही. व्हीलचेअर घेऊन दोन ई-रिक्षा बदलणाऱ्या आईला ते अंतर किलोमीटरमध्ये सांगून उपयोग नाही.

शाळेसाठी राहायचं कुठे, हा पेच अमेरिकेत गेलेल्या मराठी घरांना वेगळ्या रूपात भेटतो. तिथे सरकारी शाळा ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’मध्ये वाटलेल्या असतात आणि राहता पत्ता शाळा ठरवतो. २९ नोव्हेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी सही केलेल्या कायद्याने प्रत्येक अपंग मुलाला मोफत, त्याला योग्य असं शिक्षण देणं आणि त्याच्यापुरता लेखी आराखडा करणं बंधनकारक झालं. त्याआधी शाळा सरळ नकार देऊ शकत होती. कायदा देशभर एकच, पण अंमल डिस्ट्रिक्टगणिक वेगळा. म्हणून न्यू जर्सीत घर बघणारं जोडपं स्वयंपाकघराआधी त्या भागातल्या वाचा-उपचारतज्ज्ञांची चौकशी करतं.

भारतात कागदावरची वाट याहून लांब निघाली. १९४४च्या सार्जंट अहवालाने अपंग मुलांना शिक्षणव्यवस्थेत धरावं असं म्हटलं. कोठारी आयोगाने १९६६मध्ये तेच अधिक ठामपणे सांगितलं. त्या आयोगाचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक. १९७४मध्ये अशा मुलांना सामान्य शाळेत बसवण्याची केंद्राची योजना आली, १९९५मध्ये अपंगांसाठीचा पहिला सर्वंकष कायदा. सर्व शिक्षा अभियानाने एकाही मुलाला परत पाठवायचं नाही असं धोरण जाहीर केलं. उत्तर प्रदेशात त्यातून अंध आणि कर्णबधिर मुलांसाठी निवासी शिबिरं निघाली, ब्रेल आणि खुणांची भाषा शिकवून मुलांना गावच्या शाळेत धाडण्यासाठी. २०११च्या जनगणनेत या राज्यात ४१ लाखांहून अधिक अपंग नोंदले गेले, देशात सर्वाधिक. तेव्हा शिबिरं किती पुरी पडणार होती हे उघड आहे.

शिक्षण हक्क कायद्याने २००९मध्ये ‘शेजारची शाळा’ ही कल्पना आणली: पहिली ते पाचवीला एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीला तीन किलोमीटरच्या आत. ऑगस्ट २०१२पासून अपंग मुलं या कायद्यातल्या वंचित गटात धरली जाऊ लागली, म्हणजे खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर त्यांचाही हक्क झाला. लखनौत त्यातून एक गंमत झाली. या जागांसाठी उत्तर प्रदेशात आपल्याच प्रभागातल्या शाळेकडे अर्ज करायचा असतो आणि लखनौ महापालिकेचे प्रभाग आहेत ११०. न मागता शहराला एकशे दहा छोटे ‘डिस्ट्रिक्ट’ मिळाले. २०१५मध्ये सिटी माँटेसरी स्कूलच्या इंदिरानगर शाखेतल्या प्रवेशांचं प्रकरण उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठापुढे गेलं तेव्हा वाद गरीब मुलांचा होता, पण घासाघीस झाली ती ‘शेजार’ कुठे संपतो यावर. अखेर १३ मुलांना प्रवेश देण्याचा आदेश निघाला. स्वमग्न मुलाच्या घरच्यांना हाच प्रश्न जास्त टोचतो. प्रभागात चांगली शाळा असेलही, तिथे विशेष शिक्षक आहे का?

२०१६चा अपंग हक्क कायदा याच्या उलट बाजूने बोलतो. किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, त्याच्या पसंतीने, मोफत शिकता येईल असं त्यात म्हटलं आहे. पसंतीचा हक्क एका कायद्यात आणि प्रभागाची वेस दुसऱ्या नियमात, अशी ही तऱ्हा. पालक दोन्हींच्या मधून वाट काढतात. आधी मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्याच्या (सीएमओ) कार्यालयातून अपंगत्वाचा दाखला, मग अर्ज, मग मुख्याध्यापकांची मनधरणी.

सरकारी नोकरांच्या घरात आणखी एक अडसर असतो, बदली. लखनौ हे नोकरदारांचं शहर आहे: सचिवालय, मानकनगरची रेल्वेची संशोधन संस्था आरडीएसओ, लष्कराच्या मध्य कमांडचं मुख्यालय. इथली मराठी कुटुंबंही बहुतांशी अशाच नोकऱ्यांमुळे आलेली. ६ जून २०१४ रोजी केंद्राच्या कार्मिक विभागाने आदेश काढला की अपंग मुलाची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या बदल्यांतून वगळावं. मेंदूचा पक्षाघातही त्यात धरला होता. कारण साधं होतं: मुलाला जमलेली शाळा, ओळखीचे उपचारक आणि शेजारी दर तीन वर्षांनी नव्याने उभे करता येत नाहीत. इतक्या कोरड्या भाषेतला आणि इतक्या उपयोगाचा सरकारी कागद क्वचितच निघतो. खासगी नोकरीत असलेल्याला मात्र त्याचा काही लाभ नाही.

बाकी राहिला शिक्षक. उत्तर प्रदेशात विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटावर, एका शाळेतून दुसरीकडे फिरत राहिले. त्यांच्यातल्याच काहींनी सर्वोच्च न्यायालय गाठलं. रजनीशकुमार पांडे विरुद्ध भारत सरकार या खटल्यात न्या. अजय खानविलकर यांच्या पीठाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी प्रमाण घालून दिलं: प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढे पंधरांमागे एक. पदं काही भरली गेली नाहीत. मार्च २०२५मध्ये न्यायालयाने पुन्हा सगळ्या राज्यांना पदं मंजूर करून जाहिरात काढायला सांगितलं, आणि आधीपासून राबणाऱ्या कंत्राटी शिक्षकांची पात्रता तपासून त्यांना सामावून घेण्यासाठी छाननी समित्या नेमायला लावल्या. त्यानंतर लखनौच्या पालकांच्या चौकशीत एक प्रश्न वाढला: तुमच्या शाळेच्या वाट्याला पद आलं का, आणि आलं असेल तर माणूस कधी रुजू होणार?