परीक्षा पोराची की घराची? लष्करी प्रवेशपरीक्षांचा शंभर वर्षांचा प्रवास

आजचा विषय श्रोत्यांनीच दिलेला आहे. मुलगा किंवा मुलगी एनडीएची, नाहीतर सैनिकी शाळेची तयारी करते आहे, तर घरच्यांनी काय करावं, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आता आम्ही काही क्लास चालवत नाही आणि फौजेतही नव्हतो. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे आम्ही आमच्या सवयीप्रमाणे थोडं मागे जाणार आणि प्रश्न जरा फिरवून विचारणार. गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत या परीक्षांनी घराकडे काय मागितलं? ते कळलं, की आज घरानं काय द्यावं आणि काय देऊ नये, हे पुष्कळसं आपोआप दिसायला लागतं.

सुरुवात परीक्षेच्याही आधीपासून करावी लागेल. एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. फौजेत असण्याचा अर्थ नुसता पगार नव्हता. पलटणीच्या शाळेत पोरं शिकत. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ महूच्या लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग इंग्रजांच्या डोक्यात ‘लढाऊ जमाती’ नावाचं खूळ शिरलं आणि १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी १८९४ साली याविरुद्ध अर्ज तयार केला. पुढे १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. मुद्दा सरळ होता: वाडवडिलांची चाकरी चालली, मग पोरांची का चालत नाही? पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १११वी महार पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीसुद्धा. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं, तेही बाबासाहेबांनी पाठपुरावा केल्यावर.

हे मुद्दाम आधी सांगितलं. ‘मुलाला पाठिंबा द्या’ असं आपण सहज म्हणतो. पण त्या घरांमध्ये पाठिंब्याची काय कमी होती? आख्खी पिढी अर्ज लिहीत बसली होती. मुलाची पात्रता बघण्याची वेळच येत नव्हती. बघितलं जात होतं ते घर.

अधिकाऱ्यांच्या बाबतीतही वेगळं नव्हतं, फक्त कापड उंची होतं. १९१८ पासून इंग्लंडमधल्या सँडहर्स्टला हिंदी तरुणांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. दहा! एवढ्या मोठ्या देशातून दहा. आणि त्या दहांत यायचं कसं? अभ्यासाच्या आधी शिफारस लागे. वडील कोण, घराणं कोणतं, सरकारशी त्यांचं वागणं कसं, महायुद्धात त्यांनी मदत किती केली, हे पाहिलं जाई. वर खर्च वडिलांचा, आणि मुलगा सातासमुद्रापार. गेलेल्यांपैकी बरेच नापास होऊन परत येत. मग साहेब लोक म्हणत, बघा, यांच्यात अधिकारी होण्याचा गुणच नाही. ज्या मुलानं तोवर इंग्रजी जेवणाचं टेबल पाहिलेलं नाही, त्याला एकदम तिथं नेऊन बसवायचं आणि मग गुण शोधायचे, हा प्रकार होता. तरीही काहीजण टिकले. कोल्हापूरजवळच्या वडगावचे शंकरराव थोरात १९२६ साली सँडहर्स्टमधून अधिकारी होऊन बाहेर पडले आणि पुढे लेफ्टनंट जनरल झाले.

या नापासांवर सरकारनं काढलेला उपाय आमच्या दृष्टीनं फार महत्त्वाचा आहे. १९२२ साली डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या हस्ते एक शाळा उघडली, तीच आजची राष्ट्रीय इंडियन मिलिटरी कॉलेज. अकरा-बारा वर्षांचा मुलगा घरातून उचलायचा आणि सँडहर्स्टसाठी घडवायचा. जनरल थिमय्या तिथलेच. म्हणजे घर पुरं पडत नाही, हे निदान झालं आणि त्यावर वसतिगृह हे औषध निघालं. आमच्या विषयातल्या मंडळींना इथं प्लेटो आठवेल. नगराचे रक्षक घडवायचे तर मुलांना आईबापांच्या हातात ठेवू नका, असं त्यानं ‘रिपब्लिक’मध्ये मांडलं होतं. इंग्रज अधिकारी प्लेटो शाळेतच वाचून आलेले असत, हेही विसरायला नको.

पुढे १९२५ साली स्कीन समिती नेमली गेली. मोतीलाल नेहरू आणि जिना एकाच समितीत! मोतीलालजी मध्येच बाहेर पडले. जिनांनी मात्र उपसमितीबरोबर परदेशी लष्करी शाळा पाहिल्या. समितीनं हिंदुस्थानातच लष्करी महाविद्यालय काढा असं सुचवलं, सरकारनं वेळ काढला, आणि अखेर १९३२ साली डेहराडूनला इंडियन मिलिटरी अकॅडमी सुरू झाली. पहिल्या तुकडीत चाळीस जण होते. त्यातले पंधरा खुल्या स्पर्धेतून, बाकीचे फौजेतून आणि संस्थानांतून.

त्या पंधरांत सहावा आलेला मुलगा म्हणजे सॅम माणेकशॉ. त्यांची गोष्ट आजकाल क्लासवाले फार सांगतात, पण निम्मीच सांगतात. सॅमना इंग्लंडला जाऊन डॉक्टर व्हायचं होतं. वडील अमृतसरला डॉक्टर. ते म्हणाले, तू अजून लहान आहेस, इतक्या लांब एकटा जायचं नाही. मुलगा रागावला आणि त्या रागात अकॅडमीच्या परीक्षेला बसला. म्हणजे आपल्या पहिल्या फील्डमार्शलच्या प्रवेशपरीक्षेत घरचा वाटा कोणता? नकार! यावरून मुलांना मुद्दाम नकार द्या असं कोणी समजू नये. पण ती परीक्षा त्यांनी स्वतःची म्हणून दिली. वडिलांची म्हणून दिली नाही. दहा जागांच्या शिफारशींपासून इथवर आपण चौदा वर्षांत आलो.

आता येतो तो टप्पा, ज्यावर आम्हाला जरा रेंगाळायचं आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला अधिकारी अपुरे पडू लागले. जुनी पद्धत म्हणजे छोटीशी मुलाखत: कुठल्या शाळेत होतास, वडील काय करतात, क्रिकेट खेळतोस का. अशा पद्धतीनं निवडलेली मंडळी प्रशिक्षणातच गळायला लागली. तेव्हा १९४२ मध्ये मानसशास्त्रज्ञांना हाताशी धरून निवड मंडळं काढली गेली. विल्फ्रेड बायन नावाच्या मनोविकारतज्ज्ञानं एक युक्ती काढली. आठ-दहा उमेदवारांना एक काम द्यायचं, पण म्होरक्या नेमायचा नाही. मग बघत बसायचं, कोण पुढे होतो, कोण दुसऱ्याचं ऐकतो, कोण दोरी सोडून देतो. १९४३ मध्ये ही पद्धत आपल्याकडे आली. आजची एसएसबी ती हीच. मैदानावरच्या फळ्या, पिंपं आणि दोऱ्या अजून त्याच घराण्यातल्या आहेत.

या पद्धतीचा गाभा काय? घर बाजूला सारून मुलगा बघणं. पाच दिवस तो एकटा असतो. छातीवर नंबर, तीच ओळख. एका चाचणीत पडद्यावर साठ शब्द येतात, एकेकाला पंधरा सेकंद, आणि मनात येईल ते वाक्य लिहायचं. दुसरीत साठ प्रसंग देतात, अर्ध्या तासात प्रत्येक वेळी काय कराल ते लिहा. इतक्या वेगात पाठ केलेलं फार वेळ टिकत नाही, हाच हेतू. चित्रांवरून गोष्टी लिहायच्या असतात, आणि शेवटचं चित्र कोरं असतं.

पण बघा, घराला दारातून बाहेर काढलं तरी ते खिडकीतून आत येतंच. शेवटी उमेदवाराला स्वतःविषयी लिहायला सांगतात, आणि त्यात असतं: तुमचे आईवडील तुमच्याविषयी काय समजतात? सोळा-सतरा वर्षांच्या पोरानं हे काही मिनिटांत लिहायचं. आम्ही आमच्या ओळखीतल्या काही मुलांना हे सहज लिहून बघायला सांगितलं. बहुतेकांनी लिहिलं, ‘मी एनडीएत जावं असं त्यांना वाटतं.’ प्रश्न काय होता आणि उत्तर काय आलं! आईवडिलांना आपल्याकडून काय हवं आहे ते मुलांना नीट माहीत होतं. आपण कसे आहोत असं त्यांना वाटतं, हे मात्र कोणी कधी बोललंच नव्हतं.

आता महाराष्ट्रात येऊ. एनडीए डेहराडूनहून खडकवासल्याला आली १९५४च्या डिसेंबरात. पुण्यापासून हाकेच्या अंतरावर. पण अकॅडमी जवळ आली म्हणून मराठी मुलं आत गेली असं झालं नाही. शिपायांचे जिल्हे आपल्याकडे पुष्कळ, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी. अधिकारी कमी. १९३७ साली डॉ. मुंजे यांनी नाशिकला भोसला सैनिकी शाळा काढली होती, त्यांचा राजकीय हेतू हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे. स्वातंत्र्यानंतर कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना सैनिक स्कूलची योजना आली, आणि देशातली पहिली सैनिक स्कूल २३ जून १९६१ रोजी साताऱ्यात सुरू झाली. हेतू स्पष्ट होता: ज्या घरांना पब्लिक स्कूलची फी झेपत नाही, त्या घरातल्या मुलाला तेच शिक्षण मिळावं. १९७७ साली राज्य सरकारनं औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दहावीनंतरच्या मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था काढली. तोच विचार. घराला जे जमत नाही ते सरकार करील.

आणि मग गाडी उलटी फिरली. घराची उणीव भरायला जी शाळा काढली, तिच्यात शिरण्यासाठी आता घरानंच आधी सगळं भरायचं. सहावीच्या प्रवेशपरीक्षेला बसणारं मूल दहा ते बारा वर्षांचं असतं. पेपर तीनशे गुणांचा, त्यातले निम्मे गणिताला. पेपर मराठीतून देता येतो, ही चांगली गोष्ट. पण त्यासाठी चौथी-पाचवीतलं पोर गाव सोडून निवासी क्लासला ठेवतात. शेत गहाण पडतं, आजी रडते, आणि पोर आठ तास गणितं सोडवतं. ही मंडळी हौसेनं करत नाहीत, हे आम्हाला कळतं. कोरडवाहू शेतीतून बाहेर पडायची एक वाट दिसते, म्हणून करतात. तरीही आमचं मत स्पष्ट आहे. दहा वर्षांच्या मुलाला कर्जाचा आकडा माहीत असता कामा नये. तो आकडा डोक्यात घेऊन पेपरला बसलेलं मूल परत घराचीच परीक्षा देत असतं, एकशेदहा वर्षांपूर्वीसारखी.

मग करायचं काय? गणित आणि इंग्रजीला मदत लागते, ती द्यावीच, शिकवणी लावूनही द्यावी. एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताला तीनशे आणि सामान्य क्षमतेला सहाशे गुण असतात, आणि तेवढ्याच नऊशे गुणांची एसएसबी. डोळे आणि कान नववी-दहावीतच चांगल्या डॉक्टरकडून तपासून घ्यावेत. दोन वर्षं राबून शेवटी वैद्यकीय तपासणीत अडकलेली मुलं आम्ही पाहिली आहेत. बाकी एसएसबीची तयारी म्हणाल तर ती क्लासमध्ये कमी आणि घरात जास्त होते, तीही न ठरवता. बँकेत, रेशनच्या दुकानात, एसटीच्या खिडकीवर मुलाला एकट्याला पाठवा. पाहुणे काही विचारतात तेव्हा त्याच्या आधी उत्तर देऊ नका. आईबापांना ही शेवटची गोष्ट सगळ्यात जड जाते, असं आमचं निरीक्षण आहे. आणि दुसरी वाट उघडी ठेवा. लाखो मुलं बसतात, जागा एका खेपेला सुमारे चारशे. न निवडलेल्यांत उत्तम मुलं असणारच, हे साधं गणित आहे.

मुलींचं दार तर आत्ता उघडलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अंतरिम आदेश दिला, नोव्हेंबरात मुली परीक्षेला बसल्या, आणि मे २०२५ मध्ये पहिल्या सतरा जणी खडकवासल्याहून पदवी घेऊन बाहेर पडल्या. नाशिकला मुलींसाठी सेवापूर्व शिक्षण संस्थाही निघाली आहे. या घरांमध्ये ‘लोक काय म्हणतील’ हा एक पेपर जास्तीचा असतो.

आता एका कागदाविषयी सांगून थांबतो. निवड झाली, मुलगा अकॅडमीत निघाला, की पालकांना एका दाखल्यावर सही करावी लागते. प्रशिक्षणात मुलाला इजा झाली तर सरकारकडे नुकसानभरपाई मागण्याचा हक्क आपल्याला नाही हे आम्हाला समजलेलं आहे, असा त्याचा आशय असतो. प्रशिक्षणात जायबंदी होऊन घरी परतलेल्या कॅडेटांच्या प्रश्नाची सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे यावर जाहीर चर्चा सुरू झाली. पण सही आजही घरानंच करायची आहे. पुष्कळ आईबाप ती स्टेशनला निघायच्या गडबडीत, न वाचता करतात. आमचं सांगणं असं, की मुलगा परीक्षेचा अर्ज भरतो त्याच आठवड्यात तो मजकूर मिळवा आणि एका संध्याकाळी दोघांनी त्याच्याबरोबर बसून मोठ्यानं वाचा. त्यानंतर त्याला जे विचारायचं असेल ते विचारू द्या, आणि तुम्हाला भीती वाटते का असं त्यानं विचारलं, तर वाटते म्हणून सांगा.